तुळसाबाईचं नाव दोनदा

रामदासपेठ, नागपूर
१४ नोव्हेंबर २०२४

देवकीताईले धाकट्या चारूचा सलाम.

पारशिवनीत थंडी पडली असन. कृष्णकांत भाऊजींचा गुडघा कसा आहे? तू फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. फाडू नको वं, पूर्ण वाच.

ताई, मले काय सापडलं माहीत आहे? रविवारी आपल्या चर्चच्या मंडळीले दीडशे वर्षं होतात. वर्धापनदिनी पहिल्या कुटुंबांची नावं वाचतात अन् त्या घरचं थोरलं माणूस उठून 'हजर' म्हणते, आठवते ना? दरवर्षी नकलेवरून वाचत होतो. या वेळी पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याची मूळ वही मले दिली. अन् त्यात आपली पणजी तुळसाबाई दोनदा आहे!

पहिल्या नावावर काळी रेघ. बाजूले लिहिलं आहे, 'लेकरं सासरच्यांनी ठेवून घेतली. तिकडे परत गेली. मंडळी सुटली.' बाबांनी कधी सांगितलं का हे? अन् तीन पानं पुढं पुन्हा तेच नाव! 'दोन्ही लेकरं घेऊन आली. दार उघडंच होतं.' माय वं! मी अशी ओरडली का चर्च झाडणारा नत्थू झाडू घेऊन धावत आला. त्याले वाटलं साप निघाला.

मग मी खालीच बसली. सभासदांची वहीही त्याच कपाटात आहे, ताई. तुझं भाऊजींशी हिंदू देवळात लग्न झालं तेव्हा कमेटीनं तुझं नाव काढायचा ठराव केला. तुले वाटते, तेव्हाच्या पाळकसाहेबांनी तुझं नाव कापलं. नाही. सेक्रेटरी मी होती. रेघ मी मारली. पट्टी ठेवून, सरळ. तू मले न सांगता गेली, याचा राग होता. बावीस वर्षं तू त्यांच्यावर रागावून राहिली अन् मी गप्प राहिली. माफ कर मले.

काल कमेटीत मी तुळसाबाईची पानं वाचली. कमेटीतल्या कडक भैयाजींचेही डोळे भरले. तुझं नाव पुन्हा लिहायचं ठरलं, एकमतानं! पण मी लिहिलं नाही. तुले नको असन तर लिहिणारी मी कोण?

रविवारी नऊले उपासना, नंतर मटणभात. भाऊजींनाही आण. तुळसाबाईचं नाव मीच वाचणार. बाबा गेल्यापासून 'हजर' तुझ्या जागी मीच म्हणत आली. आता नाही म्हणणार. नाव घेईन अन् थांबीन. लोक कितीही खोकले तरी थांबीन.

रेघ मारली त्याच हातानं,
तुझी चारू