अर्ध्या गुणाचं वाक्य

ता. १२ सप्टेंबर, बुधवार

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा वाकत नाही, म्हणून तो कागदावरच घातला आहे, चालवून घे. आम्ही सगळे बरे आहोत. दुकान चालू आहे. पॅन्ट आखूड कर, चेन बदल, काजं-बटणं, असलंच काम. कोट घेत नाही. कापणार कोण?

तीन वर्षांनी, तेही दोन गल्ल्यांवरून पत्र आलं म्हणून दचकू नकोस. तोंडानं सांगायला आलो तर मी दारातच विषय बदलीन, हे तुला माहीत आहे.

तर बातमी अशी की मी संध्याकाळच्या इंग्रजीच्या क्लासला जातो. हसू नकोस. नात फोनवर इंग्रजीत बोलते आणि मी नुसता 'येस, येस' करतो. गेल्या महिन्यात त्या येसच्या भरात तिला कुत्र्याचं पिल्लू कबूल करून बसलो. दुसऱ्याच दिवशी बायकोनं माझं नाव घातलं.

सध्या 'जीरंड' चालू आहे. म्हणजे क्रियापदाच्या शेपटीला 'इंग' जोडायचं, की त्याचं नाम होतं. स्टिच म्हणजे शिव, स्टिचिंग म्हणजे शिवणं. मग ते वाक्यात सगळ्यांच्या पुढे ऐटीत बसतं. 'स्टिचिंग इज माय वर्क.' मी म्हटलं, बाई, आमच्या घरात शिवणं, कापणं, उसवणं जन्मापासून चाललंय, त्याला एवढं भारी नाव आहे हे ठाऊक नव्हतं. बाई हसल्या नाहीत. काही क्रियापदांच्या मागून हेच यावं लागतं: एन्जॉय, अव्हॉइड, मिस, ॲडमिट, पोस्टपोन. तिथे कुणी 'टु' घातलं की बाई खडू खाली ठेवतात आणि खिडकीबाहेर बघतात.

गृहपाठ होता, या पाच शब्दांवर पाच वाक्यं, घरच्यांबद्दल. बाईंची पद्धत अशी की वह्यांची अदलाबदल करायची आणि शेजाऱ्यानं लाल पेननं तपासून खाली सही करायची. माझ्या शेजारी कोण बसतं ते मी सांगणार नाही, तसं वचन दिलंय. एवढंच सांगतो की त्या घरी 'फिरायला जाते' म्हणून सांगून येतात, आणि हे पत्र मी वहिनींना दाखवलेलं नाही.

जाऊ दे. निघालंच नाव तोंडातून.

वहिनींची वाक्यं लिहितो. 'माय हजबंड एन्जॉइज शार्पनिंग हिज सिझर्स.' नवऱ्याला कात्रीला धार लावायला आवडतं. 'ही अव्हॉइड्स कटिंग.' कापायचं मात्र टाळतो. 'ही मिसेस फायटिंग विथ हिज ब्रदर.' भावाशी भांडल्यावाचून त्याला करमत नाही. 'ही ॲडमिट्स मेकिंग अ मिस्टेक.' चूक आपलीच झाली, असं तो कबूल करतो.

पाचवं वाचायला माझे डोळे धड राहिले नाहीत. तरी दहापैकी दहा दिले. सिझर्सचं स्पेलिंग चुकलं असावं, पण मला तरी कुठे येतं?

माझी वही परत आली. चार वाक्यं बरोबर. पाचवं होतं, 'आय पोस्टपोन्ड टेलिंग माय ब्रदर.' भावाला सांगणं मी लांबणीवर टाकलं. खाली लाल अक्षरात वहिनींचा शेरा: 'काय सांगणं? वाक्य अपुरं.' अर्धा गुण कापला होता.

तर ऐक. त्या नवरदेवाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या, ती चूक तुझी नव्हती. तू चहाला गेलास तेव्हा कापडावरच्या तुझ्या खडूच्या खुणा माझ्या कोपरानं पुसल्या गेल्या. तू ओरडशील म्हणून मी घाईघाईनं पुन्हा आखल्या आणि दुसऱ्या बाहीला मापाचा पुठ्ठा उलटा करायचा विसरलो. तू परत येऊन आपल्याच खुणा समजून कात्री चालवलीस. गिऱ्हाईक तोंड सोडायला लागलं तेव्हा मी म्हणालो, "कापतो तो. मी नुसता शिवतो."

तू माझ्याकडे पाहिलंस, मग स्वतःच्या हातांकडे. म्हणालास, "डोळे गेले रे माझे." गळ्यातला टेप काढून खुंटीला अडकवलास आणि गेलास. तेव्हाच बोलायला हवं होतं. लाज वाटली, आणि दिवस गेले तशी जास्तच वाटत गेली. लोकांना सांगत फिरलो की दादा रागावून घरी बसला.

तुझे डोळे शाबूत आहेत, दादा. मला माफ कर.

काल एक कोट घेतला. कापड टेबलावर पसरून ठेवलंय, खडू लावलेला नाही. टेप अजून त्याच खुंटीला आहे. ये, आधी पोटभर शिव्या दे, मग काप. पाकीट मी दोऱ्यानं शिवून वहिनींच्या हाती देतो आहे, तुझ्यासमोरच उसवायचं असं बजावून. वाक्य आता पुरं झालंय. त्यांना म्हणावं, माझा अर्धा गुण परत द्या.

दोन्ही डाव्या बाह्यांचा खरा धनी,
तुझा धाकटा