फाट्यावरच्या फ्लेक्सवर माझा फोटो

प्रिय सविता,

तुझा फोन तुझ्या सासूबाईंच्या कनवटीला असतो, म्हणून हे पत्र कडूबाईच्या हाती पाठवते आहे. कडूबाई आमच्याकडे भाकरी थापायला येते, तिचं माहेर तुमच्याच वाडीचं. एकटी असशील तेव्हा वाच. मला सातवा लागला. पाय सुजतात, रात्री कूस बदलायची म्हटली तरी जीव जातो, पण बाळ छान आहे. तुझी मात्र रोज काळजी वाटते बघ. दिवाळी झाली की तुमची टोळी उसाला निघणार, मग सहा महिने तुला दवाखान्याचं दार दिसायचं नाही. त्याआधी तुझी एक खेप व्हायलाच पाहिजे. माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

नगरच्या दवाखान्यातलं आपलं बाकडं आठवतं का गं? माझ्या मांडीवर बर्फाचा थर्मास, त्यात इंजेक्शनं, आणि तू शेजारी खारे दाणे सोलत बसलेली. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून गोळ्या, मग पोटात सुया, मग सोनोग्राफीत बीज केवढं झालं ते बघायचं. तुझ्या सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना तोंडावर विचारलं होतं, आमच्या गाईला भरवायला डॉक्टर येतो तसंच का हे? मी म्हटलं, व्हय मावशी, तसंच, फक्त गाईला कुणी टोमणे मारत न्हाई. आपण दोघी इतक्या हसलो की नर्सनं दटावलं. तिसऱ्या खेपेला माझं राहिलं आणि तुझं नाही. तरी तूच माझ्याकडे पेढा मागितलास. तो पेढा तू पदराला डोळे पुसत खाल्लास, मी बघितलं होतं.

आता आमच्या घरचा पराक्रम ऐक. ह्यांना पंचायत समितीला उभं राहायचंय. हे-बिहे जाऊ दे, आज मी नाव घेऊनच लिहिते. तर हर्षलनं गावाच्या फाट्यावर भला मोठा फ्लेक्स लावला. वर काय तर, डोंगरावरच्या महाराजांच्या कृपाप्रसादानं आमच्या घरी आनंदाचा क्षण, भव्य डोहाळेजेवण आणि जाहीर सत्संग! मधे माझा फोटो, भावाच्या लग्नातला, हात जोडलेला. शेजारी महाराज माझ्या दुप्पट. खाली शुभेच्छुक म्हणून डझनभर बाप्ये गॉगल लावून. डोहाळेजेवणाला गॉगलवाले बाप्ये कुणी पाहिलेत का गं? एसटीतून जाणारं येणारं माणूस माझ्या पोटाकडे बोट दाखवतं. मला त्या फाट्यावरून जायचीसुद्धा लाज वाटते.

मी हर्षलला विचारलं की हा महाराज कुठून आला आपल्यात, आपण तर त्याची पायरी चढलो नाही. तो मोबाईलमधून मान न काढता म्हणाला, मग काय लिहू, डॉक्टरनं नळीनं सोडलं म्हणून? कोण मत देईल मला? सासूबाई म्हणाल्या, औषध काय अन् अंगारा काय, गुण आल्याशी मतलब. इतकी वर्षं ह्याच सासूबाई कुणाच्या ओटीभरणाला मला पुढं होऊ देत नव्हत्या. आता माझं पोट त्यांनी मिरवायला काढलंय. थू असल्या मिरवण्याला!

कार्यक्रमाच्या दिवशी मला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून स्टेजवर बसवलं. महाराज उशिरा आले, तोंडात तंबाखूचा तोबरा. सगळ्या गावादेखत त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. बोटं ओली होती गं. माईकवर म्हणाले, हे माझं लेकरू आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझा नवरा खाली वाकून त्यांचे पाय धरत होता. मला अशी शिसारी आली की मी मांडवामागं जाऊन भडाभडा ओकले. बायका म्हणाल्या, डोहाळे कडक आहेत, पोरगाच होणार. घरी येऊन मी पोट साबणानं घासघासून धुतलं, तरी तो वास जाईना.

त्याहून वाईट पुढं आहे. महाराजांच्या पायाशी एक टोपली होती. त्यांचा नियम असा की अंगारा पाहिजे तर औषधं सोडायची. बाया रांगेनं येत होत्या, पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून टोपलीत टाकत होत्या आणि वर माझ्याकडे बघून हात जोडत होत्या. आपल्याच त्या गोळ्या, सविता, त्याच पाकिटातल्या. मी ओरडायला पाहिजे होतं. मी खुर्चीत बसून राहिले, ह्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

काल भाकरी थापता थापता कडूबाई म्हणाली, तुमी मांडवामागं गेला तवा तुमची दवाखान्यातली मैत्रीण पन हुती की लायनीत, तिनंबी गोळ्या टाकल्या टोपलीत. माझ्या हातातला तांब्याच पडला. ती म्हणाली, आता तिचे मालक बजरंगभाऊ नगरला यायचं नावच काढत नाहीत, म्हणतात, हर्षलभाऊला कुठं डॉक्टरकडं नमुना द्यावा लागला, त्याचं तर बाबानंच केलं. म्हणून हे लिहिते आहे. फोनवरचं बोलणं कुणी खरं धरत नाही. माझ्या पोटातलं बाळ गोळ्यांचं, सुयांचं आणि डॉक्टरीणबाईंच्या हाताचं आहे. दोष माझ्यात नव्हता. रिपोर्ट हर्षलचा कमी आला होता. त्यानं तिन्ही वेळा तिथल्या खोलीत जाऊन नमुना दिला, बाहेर आला की मान खाली घालायचा, आणि मला शपथ घातली होती की हे कुणाला सांगायचं नाही. ती शपथ मी आज मोडते. हे पत्र बजरंगभाऊंना वाचून दाखव. ऐकत नसतील तर त्यांच्या टोळीत, चारचौघांत वाच, मला चालेल. इकडं घरात काय व्हायचं ते होऊ दे. सोमवारी सकाळी मी पाथर्डीच्या स्टँडवर नगरच्या गाडीपाशी उभी असेन, तुम्ही दोघं या. कुणी म्हणालं की हे पत्र खोटं आहे, तर खाली माझं पूर्ण नाव आहे.

तुझीच,
द्वारका हर्षल गर्जे
(फ्लेक्सवरची)