गोटमारीच्या आधी

प्रिय तुषार,

फोन तर तू उचलूनच नाही राहिला, म्हणून हे पत्र शेजारच्या विनोदच्या हाती पाठवते आहे. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

काल शाळेत नववीला अमेरिकेची यादवी शिकवत होते. माणूस गुलाम ठेवावा की नाही, यावरून एका देशाची दोन सैन्यं झाली. पूनम नावाच्या पोरीने विचारलं, मॅडम, एवढं सगळं एका दिवसात झालं का? मी म्हटलं, नाही गं, आधी एकमेकांकडचं जेवणखाण बंद होतं. आणि मला आपलंच घर आठवलं. सालभराच्या बोलीवर राबणारा तुझा सालदार भिवाजी संत्र्याची बाग सोडून आमच्या सावरगावात आला, तेव्हापासून पांढुर्ण्यातलं कोणी आमची पायरी चढलं नाही. माझी राखीही तू परत पाठवलीस. बागवाले एकीकडे, सालदार दुसरीकडे, यंदा पोळ्याची तोरणंही दोन बांधून राहिले.

आठवतं, लहानपणी गोटमारीच्या आदल्या दिवशी मी फ्रॉकच्या ओच्यात जाम नदीतले गोटे वेचून तुला आणून द्यायची? तुझा नेम साऱ्या पांढुर्ण्यात पहिला. मला केवढा तोरा होता त्याचा! पण तेव्हा पांढुर्णा आणि सावरगाव दोन काठांवरून गोटे मारायचे ते नदीतल्या झेंड्यासाठी, आणि तुझा डोळाही त्या झेंड्यावरच असायचा.

आता पोरं गोटे गोळा करताना माणसांची नावं घेऊन राहिली. तू म्हणे चारचौघांत बोललास, गौतमचं डोकं फोडतो, त्या दिवशी कोणाचा गोटा कोणाला लागला, कोण विचारतं? अरे, माझा नवरा आहे तो! लाज नाही वाटली?

भिवाजी बाबांच्या वेळचा सालदार. पळून जाऊ नये म्हणून त्याचं आधार कार्ड तू कपाटात कुलपात ठेवलंस. त्याच्या बायकोला, जयवंताला, माहेरी जायचं तरी तुझी परवानगी लागे. याला काय म्हणायचं, तूच सांग बापा.

ते कार्ड गौतमने चोरलं, असं तू धरून बसलास. तोही वेडा, हो मीच, म्हणाला. तुषार, ते मी काढलं आणि भिवाजीला दिलं. आषाढात अखाडीच्या सणाला माहेरी आले होते, किल्ली नेहमीसारखी आईच्या फोटोमागे होती. माहेर तुटेल म्हणून भ्याले आणि दीड महिना गप्प बसले. फार चुकले.

परवा गोटमार आहे. गौतमला मी घरात कोंडून ठेवणार आणि सावरगावच्या काठावर सगळ्यांच्या पुढे मीच उभी राहणार. गेल्या वर्षीच्या राखीला तू दिलेली पिवळी साडी नेसेन, म्हणजे तुला लांबूनही दिसेन.

तुझीच,
अश्विनीताई