नवव्या प्रकरणाची भीती

पाइन हॉलो, कनेक्टिकट
मार्च १८०१

तीर्थस्वरूप असाहेलदाजी यांस धाकटा मेहुणा ओबेद याचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे, पण खोटे लिहून नुकताच हात पोळला असल्यामुळे लिहीत नाही. दाजी, माझी पाचावर धारण बसली आहे. (हे ताईला वाचून दाखवू नका.)

चार वर्षांपूर्वीच्या निवडणुकीतल्या भांडणांवर मी ग्रंथ लिहून छापला होता, तो तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही तो शेकोटीत घातला होता. त्याच्या नवव्या प्रकरणात मी लिहिले होते की, तुमच्या पक्षाचा माणूस अध्यक्ष झाला तर घरोघरी शिपाई पाठवून बायबले जप्त करील आणि चौकात जाळील. हे मला कोणी सांगितले नव्हते. प्रकरण फार मिळमिळीत झाले होते, म्हणून घातले. (तेव्हा तो हरला होता. हरलेल्या माणसाविषयी काय वाटेल ते लिहावे, कोण विचारतो?) पाळकसाहेबांनी ते प्रकरण प्रार्थनाघरात मोठ्याने वाचले, आणि ग्रंथ गावभर खपला.

आता तोच निवडून आला. बातमी पोचली आणि सगळे गाव आपापले बायबल शालीखाली लपवून माझ्या दुकानात हजर. पुस्तकवाल्याकडे पुस्तके असणारच, शिपायांना संशय येणार नाही, असा त्यांचा हिशेब. पण एकाच पुस्तकाच्या इतक्या प्रती फळीवर कशा मांडणार? भट्टी बायबलांनी भरली, त्यामुळे पाव बंद, मक्याच्या लापशीवर दिवस काढतो आहोत. खारवलेल्या डुकराच्या मांसाचे पीपही त्यांनीच भरले. कोंबड्यांच्या खुराड्यातही काही ठेवली आहेत. म्हणजे शिपाई आलेच, तर गावातली सगळी बायबले आणि नववे प्रकरण लिहिणारा, दोन्ही एकाच छपराखाली सापडणार.

आमची सौभाग्यवती थँकफुल म्हणते, “स्वतःच्या डोक्यातून काढलंत आणि स्वतःच काय घाबरताय?” बायकांना छपाईतले कळत नाही. लिहिले तेव्हा ते खोटे होते, कबूल. पण छापून, शिवून, कातडी बांधणीत परत वाचले की वाटते, यात काहीतरी तथ्य असल्याशिवाय का कोणी छापील? परवा एक अनोळखी घोडेस्वार दारात येऊन म्हणाला, “ग्रंथकर्ते पिट्किन इथंच राहतात ना?” मी पलंगाखाली. थँकफुलने बाहेर जाऊन पाहिले, तर तो बांधणीचे कातडे विकणारा निघाला. तरीही मी जेवणापर्यंत पलंगाखालीच होतो.

या सगळ्यात हेप्झिबाकाकू लूमिस रोज येतात. तुम्ही त्यांना ओळखता, गिरणीपलीकडची म्हातारी विधवा. त्यांच्या बायबलच्या कोऱ्या पानावर नवऱ्याचे आणि गेलेल्या मुलांचे जन्म-मृत्यू लिहिलेले आहेत. त्यांना वाचता येत नाही. जेवण झाले की एकेका नावावर बोट ठेवत बसायच्या. आता बोट ठेवायला काही नाही. दारातूनच विचारतात, “ओबेद, माझी पोरं नीट आहेत ना रे?” मी मान हलवतो. दाजी, मला फार लाज वाटते.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा.

आपला,
ओबेद

ता. क. तुमच्या गुडघ्याच्या चौकशीखेरीज एक किरकोळ काम आहे. तुम्ही नव्या अध्यक्षाच्या पक्षाचे, तुमच्या घराची झडती कोणी घेणार नाही. गवताची गाडी पाठवा. गवताखाली सगळी बायबले धाडतो.

ता. क. दुसरा. गाडी पाठवा, पण काकूंचे बायबल तिच्यात नसेल. आज थँकफुलने मला ते हातात देऊन घराबाहेर काढले. मी काकूंसमोर टोपी काढून स्पष्ट सांगितले की ते प्रकरण मी मनाने रचले, कोणी काही जाळणार नाही, हे घ्या. काकू माझा हात धरून हळूच म्हणाल्या, “तुला धमकावलं ना रे अध्यक्षाच्या माणसांनी? घाबरू नकोस बाळा, मी कुणाला सांगायची नाही.” आणि बायबल न उघडता माझ्याच काखेत परत सरकवले. म्हणाल्या, “मला दिसलं नाही तरी चालेल. जळायला नको.” दाजी, तुमच्या अध्यक्षाची भीती आता उरली नाही. उद्या सकाळी त्या पुन्हा दारात येतील, त्याची वाटते.