थंडी खालून लागते

४ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०
निर्णय झाला. यापुढे कायम हॉलमध्ये झोपणार. हॅमॉकमध्ये, म्हणजे टांगत्या कापडी झोळीत. मी घोरतो असा हिचा आरोप आहे. एकतीस वर्षं संसार करून हेच ऐकायचं? काल उशी काखोटीला मारली आणि बाहेर आलो. लेकीच्या झोपाळ्याचे हुक छताला अजून शाबूत आहेत. ही दारातून म्हणाली, झोळी तर घेतलीत, आता दारोदार फिरायचं तेवढं राहिलं. दोन दिवसांत स्वतः बोलवायला येईल.

झोप उत्तम. फक्त पाठ गार पडली होती. किरकोळ बाब.

६ जानेवारी, बुधवार
बोलवायला आली नाही. कामात असेल.

अंगावर दोन ब्लँकेटं आणि रजई. पोट भाजून निघतंय, पाठीला मात्र बर्फाची लादी. पण बावीस वर्षं मी कोल्ड स्टोरेजच्या भिंतींना इन्सुलेशन बसवतोय. माझ्या खोल्यांत बटाटा आठ-आठ महिने कुरकुर न करता राहतो. मी तर माणूस आहे.

संध्याकाळी. हिला बँकेतून पत्र आलंय. बढती, पण बदलीवर. पाच तासांवरचं गाव. सोळा तारखेपर्यंत हो की नाही कळवायचंय. मला विचारलं, काय करू? मनात आलं, जाऊ नकोस. तोंडाने म्हटलं, बघू. कुडकुडणाऱ्या नवऱ्याच्या शब्दाला वजन ते काय? आधी पाठीचा प्रश्न मिटवतो. मग ऐटीत सांगतो. दहा दिवस म्हणजे भरपूर झाले.

७ जानेवारी, गुरुवार
थर्माकोल. साइटवर उरलेली दोन इंची शीट. कूस बदलली की करकर. पहाटे मोडली. ऑफिसात फिटर म्हणाला, साहेब, कोंडा फार झालाय तुमच्या केसांत.

९ जानेवारी, शनिवार
पफ पॅनेल, दोन पत्र्यांमध्ये भरलेला कडक फोम. आमच्या धंद्यातला राजा. पण हॅमॉकमध्ये ते वाकत नाही, हे आधी कोणी बोललं नव्हतं. पॅनेलसकट उलटलो. ही धावत आली. लागलं का, म्हणाली. कोपर सोलवटलं होतं. मी म्हटलं, टेस्टिंग चालू आहे. ती जरा वेळ उभी राहिली. आत चला म्हणेल म्हणून मी जमिनीवरच थांबलो. म्हणाली नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थांबली होती का? छे. पॅनेल बघत असेल.

११ जानेवारी, सोमवार
ग्लासवूलबद्दल काही लिहायचं नाही.

दुपारी. अजून खाजवतोय. फिटर म्हणाला, ग्लासवूलला उघडं अंग लावू नका, काचेचे तंतू टोचतात, हे तुम्हीच शिकवता ना साहेब? हा फिटर आगाऊ आहे.

लेकीचा फोन. बाबा, आई तुमच्या एका शब्दासाठी थांबलीये, तुम्ही बोलत का नाही? म्हटलं, संशोधन शेवटच्या टप्प्यात आहे. तिने फोन ठेवला. रेंज गेली असावी.

१३ जानेवारी, बुधवार
गादीवाल्याकडे सहज डोकावलो. त्याचं म्हणणं, वजनाने कापूस दबतो आणि दबलेला कापूस ऊब धरत नाही. रजई झोळीच्या खाली, बाहेरून सैल बांधा. म्हणजे हवेला पांघरूण घालायचं! मनात हसलो. कोल्ड स्टोरेजचा नियम सरळ आहे. गरम बाजूला चंदेरी फॉइल, सांधे टेपने बंद, वाफ पलीकडे जाता कामा नये. गरम बाजू कोण? मी. तेव्हा फॉइल मलाच गुंडाळायची.

१४ जानेवारी, गुरुवार. पहाट
पहिला तास स्वर्ग. मग घाम. निथळलो. मग तोच घाम गार झाला आणि दातावर दात वाजायला लागले. आता खोटं कशाला लिहू, रडू आलं. आतल्या खोलीच्या दाराखाली उजेड दिसत होता. म्हटलं, खड्ड्यात गेली पाठ. जावं आणि सांगावं, घोरतो मी, सगळं कबूल, तू जाऊ नकोस. पण टेप मानेपासून घोट्यापर्यंत. उड्या मारत दारापाशी गेलो. हिने दार उघडलं. तोंडातून निघालं, कात्री कुठे आहे?

हिने टेप कापली. टॉवेलने पाठ पुसून दिली. पुसता पुसता विचारलं, बँकेला काय कळवू? मी म्हटलं, तुला योग्य वाटेल ते. घसा बसला होता, नाहीतर सविस्तर बोललो असतो.

१६ जानेवारी, शनिवार
विजय! गादीवाल्याला खोटं पाडावं म्हणून काल रजई खालून सैल बांधली. पाठ रात्रभर गरम. इतकी गाढ झोप महिन्यात लागली नव्हती. आता बोलायला मोकळा. सव्वाअकराला उठून ताठ मानेने आत गेलो. हिने दहा वाजताच बँकेला होकार कळवला होता.

२४ जानेवारी, रविवार
ही गेली. दोन बॅगा. टॅक्सीत बसताना म्हणाली, वर्षभराचा तर प्रश्न आहे, जमलं नाही तर अर्ज करून परत येईन. पलंग आता सगळा माझा. झोपवत नाही. घोरतो की नाही हे सांगायलाही कोणी नाही.

३१ जानेवारी, रविवार
ठरलं. फोन करून सरळ सांगायचं, तुझ्याशिवाय करमत नाही, परत ये. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. छान जमलं.

लावला. माझ्याआधी हीच बोलली. क्वार्टर बरं आहे, पण खाट लोखंडी पट्ट्यांची आणि खालून वारं. पाठ गारठून जाते, रात्रभर डोळा लागत नाही. परतीचा अर्ज लिहून ठेवलाय, उद्या देणार. तुम्ही त्यातले जाणकार, काही उपाय असला तर सांगा.

एकतीस वर्षांत हिने माझ्या कामातलं मला पहिल्यांदाच काही विचारलं. मी सांगितलं. चाळीस मिनिटं. दबलेला कापूस, हवेचा थर, रजई कुठे बांधायची, दोरी किती सैल. ही लिहून घेत होती. फोन ठेवला तेव्हा छाती फुगली होती. मग लक्षात आलं, फोन कशासाठी केला होता ते.

१ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.३०
लगेच फोन लावणार, तेवढ्यात हिचाच आला. पाठ रात्रभर गरम राहिली म्हणे. मस्त झोप. अर्ज फाडून टाकला. बँक तीन वर्षांसाठी राहाल का विचारत होती, त्यालाही हो म्हणणार आहे. आवाज किती दिवसांनी हसरा वाटला. म्हणाली, खरंच हो, या विषयात तुमचा हात कोणी धरणार नाही.

थँक्यू म्हटलं.