पुरणयंत्रातला पेरू

देवळाली कॅम्प,
रविवार

तीर्थरूप आईस, तेजलचा नमस्कार.

मला गावाकडची म्हणणाऱ्या त्या सहा ऑफिसरांच्या बायकांना आज मी ब्रंचला बोलावलं. फसफसत्या वाइनमध्ये पेरूचा रस घालायचा होता. मिक्सरमधून काढला तर बिया दाताखाली यायला लागल्या. मग पुरणाशिवाय काही घालायचं नाही, असं बजावून तू दिलेलं पुरणयंत्र काढलं. गर लोण्यासारखा उतरला. ग्लासांच्या काठाला तिखटमीठ लावलं.

मेजरबाईंनी तीनदा मागून घेतलं आणि कृती विचारली. मी यंत्रच पुढे ठेवलं. सहाजणींत एकीकडेही नव्हतं.

ह्यांचा सीमेवरून चार-पाच दिवसांनी का होईना, फोन येतो. तुझा गुडघा कसा आहे?

होळीला ये. यंत्र तीनदा घासलंय. आता त्या सहाजणींना पुरणपोळीही हवीय.

तुझी गावाकडची,
तेजल