घसारा आन माझं दात

मंगळवार, दिवेलागणीला

नात सोनी बॉटनी शिकलेली, आता सीए व्हायचं म्हनती. एकदा नापास झालीच. आज पुस्तक आपटलं. "आज्जे, ह्यो घसारा डोक्यात शिरंना. मी परीक्षेचा फॉर्मच भरीत न्हाई."

मी म्हनलं, "घोडेगावच्या बाजारात बैलाचं दात का बघत्यात? वय वाढलं तरी काम तेवढंच करतो, पर किंमत दरसाल उतरती. ह्योच घसारा न्हवं का, येडे?"

मग माझ्याच तोंडात डोकावली. "आज्जे, तुजं दोनच दात ऱ्हायल्यात. तुजी किंमत किती गं?"

"आदी पास हो, मग सांगते."

चावट कार्टी. मला हसू का आलं कोन जाने. फॉर्म तेवढा भरला तिनं.

पर दात दोन न्हाईत, तीन हायेत. आन म्हनं लोकांचं हिशेब तपासनार!